पळणाऱ्या पोराला जगण्याचा हक्क आहे का?

पोलीस मागे लागले, पोरगा पळाला, आणि मेला. दुसऱ्या दिवशी बातमीत तीन शब्द येतात, 'पोलिसांना पाहून पळताना'. हे तीन शब्द वाचले की बहुतेकांचे प्रश्न संपतात. काही केलेच नव्हते तर पळाला कशाला, असे लोक विचारतात. विचारणारे नेहमी सवर्णच असतात असे नाही. आपल्या वस्तीतली, आपल्या नात्यातली माणसेही हेच विचारतात. 'पळाला' या एका क्रियापदात गुन्हा, पुरावा आणि शिक्षा एकदमच उरकली जाते.

याच क्रियापदावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या चार दशकांत पुन्हा पुन्हा वाद झाला. आणि योगायोग म्हणा किंवा काय म्हणायचे ते म्हणा, त्यातले महत्त्वाचे बहुतेक खटले कोवळ्या पोरांचे आहेत. एक १५ वर्षांचा, एक १६ वर्षांचा, एक १९ वर्षांचा, आणि एक इतका लहान की निकालपत्रात त्याचे पूर्ण नाव छापता आले नाही. आम्हाला हा इतिहास आपल्या तरुणांपुढे मांडावासा वाटतो, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या संविधान सभेपर्यंत आणि बाबासाहेबांच्या एका दुरुस्तीपर्यंत येतो. तो धागा आपल्याकडे फारसा कोणी उलगडून दाखवत नाही.

सुरुवात मेम्फिसपासून करू. ३ ऑक्टोबर १९७४, टेनेसी राज्यातले मेम्फिस शहर. रात्री पावणेअकराच्या सुमारास शेजारच्या घरात कोणी तरी शिरल्याची खबर पोलिसांना मिळाली. घरामागच्या अंगणातून एक पोरगा पळाला आणि सहा फुटी जाळीच्या कुंपणापाशी थांबला. पोलिसाने बॅटरीचा झोत टाकला, चेहरा पाहिला, हात पाहिले. हातात शस्त्र नाही याची त्याला बऱ्यापैकी खात्री होती, तसे त्याने पुढे स्वतःच सांगितले. पोरगा कुंपणावर चढू लागला तेव्हा पोलिसाने गोळी झाडली. ती डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. एडवर्ड गार्नर, वय १५, आठवीतला कृष्णवर्णीय मुलगा. त्याच्याजवळ दहा डॉलर आणि एक पाकीट सापडले.

गोळी झाडणारा पोलीसही कृष्णवर्णीय होता. आपल्या चळवळीत कधी कधी असे बोलले जाते की खात्यात आपली माणसे भरली की प्रश्न सुटला. प्रतिनिधित्व हवेच, त्यासाठी आपण लढलो आहोत आणि लढू. पण त्या रात्री त्या पोलिसाच्या हातात नुसते पिस्तूल नव्हते, टेनेसीचा कायदाही होता. संशयित पळत असेल तर त्याला धरण्यासाठी आवश्यक ते सर्व मार्ग वापरा, असे तो कायदा सांगत होता. खात्याची नियमावली कायद्यापेक्षा जराशी कडक होती, तरी घरफोडीच्या संशयिताला गोळी घालायला तिची हरकत नव्हती. खात्यांतर्गत चौकशीत कोणावर कारवाई झाली नाही, ग्रँड ज्युरीनेही केली नाही.

हा कायदा आला कुठून? जुन्या इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्यांना बहुतेक सर्वत्र देहदंडच होता. पळणाऱ्याला वाटेत मारले काय आणि पकडून फासावर चढवले काय, शेवट एकच, असा तो हिशेब. पुढे काळ बदलला, घरफोडीची फाशी गेली, पण पळणाऱ्याला मारायची मुभा तशीच राहिली. जुन्या कायद्याचे कारण मरते आणि कायदा जगतो, हे जातिव्यवस्थेच्या अभ्यासकांना समजावून सांगायला नको.

एडवर्डच्या वडिलांनी दावा लावला. अकरा वर्षे लढल्यावर २७ मार्च १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला. ज्याच्यापासून कोणाच्या जिवाला धोका नाही असा निःशस्त्र संशयित केवळ पळतो म्हणून त्याला ठार मारता येणार नाही. तो सुटून गेला तर गेला, पण त्याचा जीव घेणे घटनाबाह्य आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेत हे १९८५ साली ठरले. आपल्याकडे इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६(३) होते. ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या (तेव्हाच्या भाषेत काळ्या पाण्याच्या) शिक्षेचा आरोप नाही, त्याला अटक करताना ठार मारण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे ते कलम सांगत होते. १९७३ च्या संहितेत ते तसेच राहिले. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ४३(४) म्हणून आहे. रात्री घर फोडून चोरी करण्याला भारतीय दंड संहितेत जास्तीत जास्त १४ वर्षांची शिक्षा होती, जन्मठेप नव्हती. म्हणजे एडवर्ड आपल्याकडे असता तर कागदावर त्याचा जीव १८९८ पासूनच सुरक्षित होता.

कागदावर. कारण ज्या राज्यकर्त्यांनी हे कलम लिहिले त्यांनीच १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट लिहिला होता. त्यात पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्यासारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची सोय होती. एका कायद्यात आरोपीच्या जिवाची हमी द्यायची आणि दुसऱ्या कायद्यात अख्ख्या जमातीला आरोपी करून टाकायचे. सोलापूरच्या सेटलमेंटच्या तारेच्या आत ज्यांचे आजे-पणजे राहिले, त्यांच्या घरी 'पळाला' या शब्दाचा अर्थ शब्दकोशातून शिकावा लागत नाही. हजेरी चुकवून बाहेर जाणे हाच गुन्हा होता. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. पोलिसांच्या डोक्यातून तो किती रद्द झाला, हे पारधी वस्तीवर काम करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला विचारा.

गार्नरच्या निकालाने पळणाऱ्याला हक्क दिला असे वाटत होते. पुढची वर्षे तो हक्क कसा आकसत गेला ते बघण्यासारखे आहे.

एप्रिल १९८८, कॅलिफोर्नियातले ओकलंड. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका गाडीभोवती काही पोरे जमली होती. पोलिसांची गाडी येताना दिसली तशी ती पळाली. एका अल्पवयीन मुलामागे पोलीस पायी धावला, त्या मुलाने हातातला कोकेनचा खडा फेकला आणि मग तो पकडला गेला. अल्पवयीन असल्यामुळे निकालात त्याचे नाव फक्त 'होडारी डी.' आहे. त्याच्यामागे धावायला पोलिसाजवळ पुरेसे कारण नव्हते, हे राज्य सरकारने मान्यच केले होते. तरी १९९१ साली न्यायालय म्हणाले की पोलिसाने प्रत्यक्ष हात घालेपर्यंत, किंवा मुलगा हुकूम मानून थांबेपर्यंत, कायद्याच्या भाषेत त्याला 'धरलेले' नसते. आणि धरलेलेच नसेल तर विनाकारण धरण्यापासून संरक्षण देणारी घटनादुरुस्ती लागू होत नाही. सोप्या मराठीत, पाठलाग जोवर चालू आहे तोवर घटना बाजूला उभी राहून बघते.

ओकलंड हे नाव आपल्या वाचकांना नवीन नाही. ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ब्लॅक पँथर पार्टी १९६६ मध्ये याच ओकलंडात जन्मली. तिचे पहिले काम कोणते होते? पोलिसांच्या गाडीमागे आपली गाडी घालायची, पोलीस कोणाला अडवतात ते अंतर राखून बघायचे, हातात कायद्याचे पुस्तक ठेवायचे आणि अडवलेल्याला त्याचे हक्क मोठ्याने वाचून दाखवायचे. त्यांच्याजवळ बंदुकाही होत्या, आणि भरलेली बंदूक उघड बाळगण्याला तेव्हा त्या राज्यात बंदी नव्हती. १९६७ साली विधिमंडळाने घाईने बंदी आणली. पोलिसांचाच पाठलाग सुरू झाल्यावर नियम करायला किती कमी वेळ लागतो, हे त्यातून दिसते.

आता गाडीकडे येऊ, कारण खरा उलटा प्रवास तिथे झाला. २२ मे १९९० ची संध्याकाळ, कॅलिफोर्नियातला सॅक्रामेंटो परगणा. एका मारामारीच्या खबरीवरून आलेले दोन अधिकारी परत निघाले होते. समोरून एक मोटारसायकल वेगात आली. चालवणारा १८ वर्षांचा, मागे बसलेला फिलिप लुईस १६ वर्षांचा. त्या मारामारीशी दोघांचाही संबंध नव्हता. थांबा म्हटल्यावर गाडी दोन पोलीस गाड्यांच्या फटीतून निघाली आणि एक अधिकारी मागे लागला. पाठलाग ७५ सेकंद चालला. सव्वा मैलाहून थोडे अधिक अंतर, तेही लोकवस्तीतून. वेग काही ठिकाणी ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. मध्ये फक्त शंभर फुटांचे अंतर. वळणावर मोटारसायकल घसरून पडली आणि मागून येणारी पोलीस गाडी ब्रेक लावूनही फिलिपवर आदळली. तो ७० फूट दूर फेकला गेला आणि जागीच मेला. ७५ सेकंद म्हणजे हा परिच्छेद सावकाश वाचायला लागतो साधारण तेवढा वेळ.

फिलिप मागे बसला होता. पळायचे की थांबायचे हे त्याच्या हातातच नव्हते. त्याच्या आईवडिलांनी ज्या कायद्याखाली दावा लावला तो १८७१ सालचा. हो, तेच वर्ष! तिकडे गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांना कू क्लक्स क्लॅनपासून वाचवायला अमेरिकन संसदेने हा कायदा केला होता, इकडे त्याच वर्षी जन्मजात गुन्हेगारांचा कायदा झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या विरोधात निकाल दिला. पोलिसाला फिलिपला धडक द्यायची नव्हती, म्हणून त्याला 'धरले' असे होत नाही. राहिला प्रश्न 'ड्यू प्रोसेस'चा, म्हणजे न्याय्य प्रक्रियेशिवाय कोणाचा जीव घेता येणार नाही या हमीचा. त्यासाठी न्यायालयाने जुनी कसोटी काढली. सरकारी माणसाचे वर्तन न्यायाधीशांच्या विवेकाला धक्का देणारे असले पाहिजे. आणि पाठलागात असा धक्का केव्हा बसेल? पोलिसाचा हेतूच इजा करण्याचा असेल तेव्हा. बेफिकिरी चालेल, खात्याच्या नियमांचा भंगही चालेल.

विवेकाला धक्का बसण्याची ही कसोटी १९५२ च्या एका निकालात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी रुजवली होती. हे नाव लक्षात ठेवा. १९४७ च्या अखेरीस आपल्या संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत गेले तेव्हा त्यांना हेच फ्रँकफर्टर भेटले. 'ड्यू प्रोसेस' हे शब्द घटनेत घालू नका, त्याने न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाते, असा त्यांचा सल्ला होता. मसुद्यातून ते शब्द गेले आणि जपानच्या घटनेच्या धर्तीवर 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' हे शब्द आले. तेच आपले अनुच्छेद २१. गंमत बघा, आपल्याला तो शब्द नको म्हणणाऱ्या न्यायमूर्तींनी पाचच वर्षांत स्वतःच्या देशात त्याच शब्दावर निकाल दिला.

बाबासाहेबांची भूमिका इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण ती दोन्ही बाजूंनी चुकीची सांगितली जाते. १३ डिसेंबर १९४८ रोजी त्यांनी सभेपुढे दोन्ही धोके मांडले. विधिमंडळ बहुमताच्या जोरावर माणसाचे स्वातंत्र्य तुडवू शकते, आणि पाच-सहा न्यायाधीश आपल्या आवडीनिवडीने चांगले कायदे मोडीत काढू शकतात. त्यांनी निर्णय सभेवर सोडला आणि सभेने 'ड्यू प्रोसेस' नाकारले. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी १५-अ हे नवे कलम आणले, जे आज अनुच्छेद २२ आहे. अटकेचे कारण सांगा, वकील गाठू द्या, २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. जे मोठ्या शब्दातून गेले ते छोट्या, मोजता येणाऱ्या नियमांतून परत मिळवायचे, अशी ही रीत. न्यायाधीशाच्या विवेकाला धक्का बसतो की नाही यावर गरिबाचा जीव टांगून ठेवायचा नाही. तास मोजा, कागद मागा. लुईसचा निकाल वाचल्यावर या रीतीचे मोल आम्हाला अधिक कळले. (१९७८ च्या मनेका गांधी निकालाने प्रक्रिया न्याय्य असली पाहिजे हे तत्त्व आपल्याकडेही आले. ते चांगलेच झाले, पण २४ तासांचा नियम त्याच्या आधी तीन दशके उभा होता.)

तरी एक फट राहते. अनुच्छेद २२ अटकेपासून सुरू होते. पळणारा पोरगा अजून अटकेत नाही. तो आरोपी नाही, कैदी नाही, कोणाच्या ताब्यात नाही. अमेरिकेत होडारी आणि फिलिप ज्या फटीत सापडले, ती फट आपल्याकडेही तशीच उघडी आहे.

अमेरिकेत ही फट २००७ साली आणखी रुंद झाली. मार्च २००१ मध्ये जॉर्जिया राज्यात व्हिक्टर हॅरिस हा १९ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण ताशी ५५ मैलांच्या रस्त्यावर ७३ मैलांनी गाडी चालवत होता. पोलिसाने दिवा लावला, हॅरिस पळाला. सहा मिनिटे, सुमारे दहा मैल. पाठलागात सामील झालेल्या ज्या अधिकाऱ्याने शेवटी त्याच्या गाडीला मागून धडक दिली, त्याला मूळ गुन्हा फक्त वेगाचा आहे हेही माहीत नव्हते. वरिष्ठाकडून वायरलेसवर परवानगी मिळाली होती. गाडी उलटली आणि हॅरिसचे हातपाय कायमचे निकामी झाले. न्यायालय आठ विरुद्ध एक मताने पोलिसाच्या बाजूने उभे राहिले. गार्नर हा काही सगळीकडे लागू होणारा ठरलेला नियम नव्हे, बेफाम गाडी चालवून लोकांना धोक्यात घालणाऱ्याचे प्रकरण वेगळे, असे बहुमत म्हणाले.

या युक्तिवादात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. दोन टनांची गाडी हे शस्त्रच असते, आणि रस्त्यावर चालणारी माणसे गरिबांच्याच घरची असतात. पण तो वेग वाढला कशाने? मागे सायरन नसता तर पुढचा १९ वर्षांचा पोरगा तसा पळाला असता का? धोका पाठलागानेही निर्माण होतो, तरी हिशेबात तो एकट्या पळणाऱ्याच्या नावावर जातो.

न्यायाधीशांनी पोलीस गाडीतल्या कॅमेऱ्याचे चित्रीकरण निकालासोबत संकेतस्थळावर टाकले. बघा, चित्रच बोलते आहे, असा त्यांचा विश्वास होता. डॅन कहान आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते चित्रीकरण सुमारे १,३५० अमेरिकनांना दाखवले आणि २००९ साली हार्वर्डच्या विधी नियतकालिकात निष्कर्ष छापले. बहुसंख्यांना पोलिसांचे बरोबर वाटले. पण कृष्णवर्णीय, कमी उत्पन्नाचे आणि उदारमतवादी लोक तेच चित्र बघून वेगळे सांगत होते. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पाठलागच नको होता. समाजशास्त्रात आम्ही जे पुस्तकातून शिकलो ते इथे आकड्यात आहे. कोण कुठून बघतो यावर त्याला काय दिसते ते ठरते, आणि आठ न्यायाधीशांना जे दिसले तेच 'कोणत्याही समंजस माणसाला दिसेल' असे निकालात उतरले. खैरलांजीपासून आजपर्यंत आपल्याला जे दिसले आणि न्यायालयाला जे दिसले नाही, त्याची यादी वाचकांनी स्वतः करावी.

२०१४ साली पुन्हा मेम्फिस. एक हेडलाइट बंद म्हणून अडवलेली गाडी पळाली, पाठलाग मेम्फिसमध्ये संपला, पोलिसांनी १५ गोळ्या झाडल्या, चालक आणि शेजारी बसलेली स्त्री दोघेही मेले. सर्व न्यायाधीशांनी ते योग्य ठरवले. एडवर्डच्याच शहरात, त्याच्या निकालानंतर एकोणतीस वर्षांनी.

न्यायालयाचे दार बंद झाल्यावर नियम कुठे उरले? खात्यांच्या नियमावलीत. आणि इथेच काही लोकांनी लढाई चालू ठेवली. जानेवारी २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको शहरात १५ वर्षांची एक मुलगी आईची गाडी घेऊन निघाली. आईनेच पोलिसांना फोन केला होता. गाडी कोणाची, मुलगी कोण, राहते कुठे, सगळे माहीत होते. तरी निवासी गल्ल्यांतून पाठलाग झाला आणि ती गाडी एका कुटुंबाच्या गाडीवर आदळली. त्या कुटुंबातली मुलगी गेली. तीही १५ वर्षांचीच. पळणाऱ्याची ओळख पटलेली असेल आणि कोणाच्या जिवाला तातडीचा धोका नसेल तर पाठलाग नको, घरी जाऊन पकडा, असा कायदा आईवडिलांनी मागितला. पोलीस संघटनांनी विरोध केला आणि तो झाला नाही. २००५ मध्ये फक्त एवढे झाले की पाठलागाची लेखी नियमावली आणि दरवर्षी प्रशिक्षण असेल तरच खात्याला भरपाईच्या दाव्यांपासून संरक्षण मिळेल.

मिलवॉकी शहराने २०१० मध्ये पाठलागावर कडक मर्यादा घातली आणि २०१७ मध्ये ती सैल केली. वॉशिंग्टन राज्याने २०२१ मध्ये कायद्यानेच पाठलाग आवळला, २०२३ मध्ये थोडा आणि २०२४ मध्ये बराच मोकळा केला. गाडीचोर सुटतात ही ओरड प्रत्येक वेळी जिंकली. आणि ज्या २०२३ साली वॉशिंग्टन मागे सरकले, त्याच साली अमेरिकेच्या न्याय विभागाच्या मदतीने झालेल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेने उलट सांगितले. गुन्हा हिंसक असेल आणि संशयितापासून तातडीचा धोका असेल, तेव्हाच गाडी मागे घाला. ही मार्गदर्शिका पोलीस अधिकाऱ्यांच्याच संस्थेने तयार केली आहे, म्हणजे हा काही पोलीसविरोधकांचा हट्ट नाही.

आता आपल्याकडचे काम. नाकाबंदीत ट्रिपल सीट पोरे दिसली की दुचाकीमागे दुचाकी घालायची, काठी आडवी करायची, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ज्या गुन्ह्याचा दंड पावतीवर मावतो त्यासाठी हा पाठलाग असतो. नंबर प्लेट समोर असते, गाडीमालकाचा पत्ता ॲपवर दिसतो, कॅमेऱ्याचे चलन घरपोच येते. मग मागे लागायचे कशासाठी, हा प्रश्न आम्ही कार्यकर्त्यांपुढे ठेवतो आहोत.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ब)(पाच) नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले कर्मचारी वापरत असलेले नियम, सूचना आणि नियमावल्या स्वतःहून प्रसिद्ध करायच्या असतात. आपापल्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाकडे दहा रुपयांचा अर्ज करा. नाकाबंदीत न थांबलेल्या वाहनाच्या पाठलागाबाबत लेखी सूचना कोणत्या, चालक किंवा मागे बसलेला अल्पवयीन दिसत असेल तर वेगळी सूचना आहे का, पाठलाग थांबवण्याचा आदेश कोणत्या हुद्द्याचा अधिकारी देतो, आणि मागच्या तीन वर्षांत अशा पाठलागात किती जखमी व किती मृत्यू झाले. चार प्रश्न, एक पान. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्जाची पोच आणि आलेले उत्तर, नाही आले तर अपिलाची प्रत, आमच्याकडे पाठवा. जिल्हावार तक्ता आम्ही करतो.